छोट्या काउंटीचे अंदाजपत्रक आणि स्थानिक तुरुंगाचे भवितव्य : अमेरिकेतील केंटकी राज्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘काउंटी’ हा स्थानिक शासनाचा एक जुना घटक आहे. मराठीत त्याचा अनुवाद बहुधा ‘जिल्हा’ असा केला जातो. तो सोयीचा असला तरी पुरेसा नेमका नाही. भारतीय जिल्हा हा प्रामुख्याने राज्य प्रशासनाचा विभाग आहे. काउंटीला मात्र स्वतःचे निवडून आलेले पदाधिकारी, स्वतःचे कर आणि स्वतःचे अंदाजपत्रक असते. या अंदाजपत्रकात बहुतेक राज्यांत एक असे खाते आढळते, जे आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही. ते खाते म्हणजे तुरुंग. भारतात कारागृहे हा घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीतील विषय असल्याने त्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. अमेरिकेत दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणाऱ्यांसाठी राज्याची व संघराज्याची कारागृहे आहेत. परंतु अटक झालेल्या, जामीन न भरू शकलेल्या, खटल्याची वाट पाहणाऱ्या आणि अल्प मुदतीची शिक्षा झालेल्या व्यक्तींना ठेवण्याची जबाबदारी कनेक्टिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट, हवाई अशी मोजकी राज्ये वगळता स्थानिक शासनावर, म्हणजे बहुतांशी काउंटीवर आहे.

या स्थानिक तुरुंगांचा पसारा मोठा आहे. संघराज्याच्या न्याय सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३ च्या मध्यास देशभरातील स्थानिक तुरुंगांत सुमारे ६ लाख ६४ हजार बंदी होते, आणि त्याआधीच्या वर्षभरात तुरुंगप्रवेशाच्या नोंदी सुमारे ७६ लाख झाल्या होत्या. या दोन आकड्यांतील अंतरच या संस्थेचे स्वरूप सांगते. माणसे येतात, काही तास वा काही दिवस राहतात आणि जातात. शिवाय कोणत्याही दिवशी आत असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींवर दोष सिद्ध झालेला नसतो. तेव्हा काउंटीच्या तुरुंगाचा प्रश्न हा मुख्यतः न्यायाधीन बंद्यांचा प्रश्न आहे, हे सुरुवातीसच लक्षात घेणे इष्ट ठरेल.

प्रस्तुत लेखात केंटकी राज्याच्या आधारे एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. लहान काउंटीला आपला तुरुंग चालविणे परवडेनासे का होते, आणि तो बंद केल्याने किंवा वाढविल्याने तिच्या अंदाजपत्रकाचे व तुरुंगातील माणसांचे काय होते?

केंटकीतील स्थानिक शासनाची रचना

केंटकीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ४५ लाख, म्हणजे एकट्या नाशिक जिल्ह्याहून कमी आहे. परंतु काउंट्या मात्र १२० आहेत. टेक्सास आणि जॉर्जिया यांच्याखालोखाल ही संख्या सर्वाधिक आहे. साहजिकच काही काउंट्या अगदीच लहान आहेत. रॉबर्टसन काउंटीची लोकसंख्या सुमारे २,२०० आणि ओस्ली काउंटीची सुमारे ४,००० आहे. आपल्याकडील मध्यम आकाराच्या एखाद्या ग्रामपंचायतीएवढ्या लोकवस्तीने रस्ते, करवसुली, निवडणुका आणि तुरुंग या साऱ्यांची तरतूद करावयाची, अशी ही व्यवस्था आहे.

काउंटीचा कारभार ‘फिस्कल कोर्ट’ नावाचे मंडळ पाहते आणि त्याच्या प्रमुखास ‘काउंटी जज-एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात. नावात ‘कोर्ट’ आणि ‘जज’ असले तरी या मंडळाचा न्यायदानाशी संबंध उरलेला नाही. १९७५ च्या घटनादुरुस्तीने राज्याची न्यायव्यवस्था एकसंध करण्यात आली आणि काउंटीच्या प्रमुखाकडील न्यायदानाचे अधिकार संपुष्टात आले. नाव तेवढे राहिले.

याहून विलक्षण पद जेलरचे आहे. केंटकीच्या १८९१ च्या घटनेतील ९९ व्या कलमानुसार प्रत्येक काउंटीत जेलर लोकांच्या मतांनी, चार वर्षांसाठी निवडून येतो. इतर बहुतेक राज्यांत तुरुंग शेरिफच्या अखत्यारीत असतो. जेलर हे स्वतंत्र निर्वाचित घटनात्मक पद म्हणून टिकवून ठेवणारे केंटकी हेच राज्य होय. परिणामी तुरुंगाचा खर्च करणारा अधिकारी आणि त्यासाठी पैसा मंजूर करणारे मंडळ हे दोघेही थेट मतदारांना उत्तरदायी असतात, एकमेकांना नव्हे. अंदाजपत्रकाच्या वेळी होणाऱ्या वादांचे मूळ पुष्कळदा व्यक्तींच्या स्वभावात शोधले जाते; वस्तुतः ते या रचनेत आहे.

अंदाजपत्रकाची चौकट

केंटकीतील काउंट्यांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. जज-एक्झिक्युटिव्हने १ मेपर्यंत प्रस्तावित अंदाजपत्रक फिस्कल कोर्टापुढे ठेवावयाचे असते, राज्याच्या स्थानिक शासन विभागाकडून त्याची तपासणी व्हावयाची असते आणि १ जुलैपूर्वी ते संमत व्हावे लागते. तुरुंगाचा जमाखर्च स्वतंत्र निधीत दाखविला जातो. त्या निधीत जी तूट येते, ती सर्वसाधारण निधीतून रक्कम वर्ग करून भरून काढली जाते. लहान काउंटीच्या अंदाजपत्रकात पाहण्याजोगा आकडा हाच असतो. कारण वर्ग केलेला प्रत्येक डॉलर रुग्णवाहिका, ग्रंथालय वा इतर स्थानिक सेवेच्या तरतुदीतून वजा होत असतो.

तूट वाढली म्हणून कर वाढवावा, हा मार्गही मोकळा नाही. १९७९ मध्ये संमत झालेल्या एका कायद्याने मालमत्ता करापासूनचे उत्पन्न वर्षाला ४ टक्क्यांहून अधिक वाढविल्यास त्या वाढीविरुद्ध मतदारांना सार्वमताची मागणी करता येते. कर्ज काढून चालू खर्च भागविण्याचा मार्ग १९९४ च्या घटनादुरुस्तीने बंद केला. तिच्यानुसार कोणत्याही काउंटीस त्या वर्षीच्या महसुलापेक्षा अधिक खर्च करता येत नाही. पूर्व केंटकीच्या डोंगराळ भागातील काउंट्यांना कोळशावरील कराचा काही हिस्सा राज्याकडून मिळत असे. २०११ नंतर तेथील कोळसा उत्पादन झपाट्याने घसरले आणि त्याबरोबर हा हिस्साही आटला. खर्चाची बाजू मात्र त्या प्रमाणात आटली नाही.

स्थिर खर्च, अस्थिर बंदीसंख्या

लहान तुरुंग महाग का पडतो, हे समजण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. तुरुंगातील पहाऱ्याची एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एक कर्मचारी आठवड्याला ४० तास काम करतो असे धरल्यास त्या एका जागेसाठी ४.२ माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण जमेस धरता पाच. अगदी लहान तुरुंगातही अशा किमान दोन जागा हव्यात, म्हणजे दहा कर्मचारी आले. आत दहा बंदी असोत वा चाळीस, या संख्येत फारसा फरक पडत नाही.

उदाहरणादाखल चाळीस खाटांच्या एका काल्पनिक तुरुंगाचा विचार करू. दहा कर्मचाऱ्यांचा वेतन व भत्त्यांसह प्रत्येकी ४५,००० डॉलर याप्रमाणे वार्षिक खर्च ४,५०,००० डॉलर. अन्न, औषधे, वीज, दुरुस्ती आणि विमा यांवर १,५०,००० डॉलर. एकूण ६ लाख डॉलर. सरासरी २० बंदी असतील तर वर्षाचे ७,३०० बंदी-दिवस होतात आणि प्रत्येक दिवसाला सुमारे ८२ डॉलर खर्च येतो. बंदी ४० झाले आणि अन्न-औषधांचा खर्च ६०,००० डॉलरने वाढला, तर हाच आकडा सुमारे ४५ डॉलरवर येतो. तुरुंग जेवढा भरलेला तेवढा तो ‘स्वस्त’, असा हा विपरीत हिशेब आहे. पुढील सारी गुंतागुंत याच एका गोष्टीतून उद्भवते.

या स्थिर खर्चावर केव्हाही कोसळू शकणारा एक खर्च वैद्यकीय उपचारांचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बल या खटल्यात बंद्याच्या गंभीर आजाराकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणे हे घटनेच्या आठव्या दुरुस्तीचे उल्लंघन ठरविले. १९७८ च्या मोनेल खटल्यात स्थानिक शासनसंस्थेवरही, तिच्या धोरणामुळे वा प्रघातामुळे घटनात्मक हक्कांचा भंग झाल्यास, नुकसानभरपाईचा दावा लावता येतो हे मान्य झाले. हे दोन्ही निर्णय निश्चितच योग्य होते. परंतु १९६५ मध्ये मेडिकेड ही गरिबांसाठीची आरोग्य योजना सुरू झाली तेव्हापासूनच तुरुंगातील व्यक्तीवरील उपचारांचा खर्च त्या योजनेतून देण्यास सर्वसाधारणतः मनाई आहे. बाहेरच्या रुग्णालयात आंतररुग्ण म्हणून दाखल झालेल्याचा अपवाद तेवढा आहे. अटकेच्या आदल्या दिवशी ज्याच्या औषधांचा खर्च संघराज्य व राज्य मिळून करीत होते, त्याचा खर्च दुसऱ्या दिवशी काउंटीवर येऊन पडतो. एखाद्या बंद्याचे एकच मोठे आजारपण लहान काउंटीच्या वर्षभराच्या तरतुदीचा तोल बिघडवू शकते.

पैशाच्या टंचाईची दुसरी किंमत आकड्यांत सहज दिसत नाही. न्याय सांख्यिकी विभागाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लहान तुरुंगांतील आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या तुरुंगांच्या तुलनेत पुष्कळच अधिक असल्याचे नोंदविले होते. रात्रपाळीला दोनच माणसे असतील, त्यांपैकी एक नव्याने आणलेल्या व्यक्तीची नोंद करीत असेल आणि व्यसनाच्या पदार्थाअभावी तळमळणारा कोणी कोठडीत एकटा असेल, तर त्याच्याकडे पाहणार कोण? मादक औषधांच्या अतिवापराने पोळलेल्या केंटकीत हा प्रश्न तात्त्विक राहिलेला नाही.

ठरविणारा एक, भरणारा दुसरा

तुरुंगात किती माणसे असतील हे दोन गोष्टींवर ठरते : किती जण आत येतात आणि प्रत्येक जण किती दिवस राहतो. या दोहोंपैकी एकही गोष्ट फिस्कल कोर्टाच्या हाती नाही. अटक शेरिफ, नगर पोलीस वा राज्य पोलीस करतात. जामीन न्यायाधीश ठरवितात आणि त्यांचे वेतन राज्य देते. केंटकीने १९७६ मध्ये जामिनाचा खाजगी व्यवसाय बंद करून आरोपीची माहिती न्यायाधीशांपुढे ठेवणारी सरकारी यंत्रणा उभारली. अमेरिकेत हे पाऊल बरेच पुढचे होते. परंतु ही यंत्रणाही राज्याच्या न्यायपालिकेचा भाग आहे. रोख रकमेचा जामीन मागण्याची प्रथा चालूच राहिली. न्यायाधीशाने ५०० डॉलरचा जामीन मागितला आणि आरोपीपाशी ते नसले, तर त्याच्या कोठडीतील प्रत्येक दिवसाचे बिल काउंटीच्या नावावर चढते. खटल्याची तारीख पुढे ढकलली गेली तरी तेच.

राज्य पैसे देते ते मुख्यतः पुढच्या टप्प्यावर. गंभीर गुन्ह्यात शिक्षा सुनावली गेल्यानंतर तो बंदी राज्याचा मानला जातो आणि काउंटीच्या तुरुंगात असेपर्यंत त्याच्यासाठी काउंटीला दैनिक दर मिळतो. हा दर दीर्घकाळ ३१.३४ डॉलर होता. २०२२ च्या राज्य अंदाजपत्रकात तो ३५.३४ डॉलर करण्यात आला. शिक्षेपूर्वीचे दिवस, मग ते कितीही असोत, काउंटीचे. दोष सिद्ध न झालेल्या माणसाचा भार गरीब घटकाने वाहावा आणि दोषी ठरलेल्याचा सधन घटकाने, अशी ही विभागणी आहे. ती कोणी मुद्दाम आखलेली नाही. निरनिराळ्या काळच्या कायद्यांच्या थरांतून ती साचत गेली, म्हणूनच ती बदलणेही अवघड आहे.

तुरुंग बंद करण्याचा पर्याय

अशा स्थितीत तुरुंग बंद करून शेजारच्या काउंटीशी करार करावा, हा विचार स्वाभाविकपणे पुढे येतो आणि केंटकीतील अनेक लहान काउंट्यांनी तो अमलातही आणला आहे. वरील काल्पनिक काउंटीने दररोज ४० डॉलर दराने आपले २० बंदी शेजारी ठेवले, तर वर्षाला २,९२,००० डॉलर द्यावे लागतील. सहा लाखांच्या तुलनेत ही बचत डोळ्यांत भरणारी आहे. परंतु तुरुंग बंद झाला तरी अटका बंद होत नाहीत. प्रत्येक अटकेनंतर, प्रत्येक तारखेला आणि प्रत्येक सुटकेच्या वेळी कोणीतरी वाहन चालवावे लागते; रात्री दोन वाजता पन्नास मैल जाऊन येणारा कर्मचारी तेवढा वेळ काउंटीत नसतो. वाहने आणि ने-आण करणारे कर्मचारी यांवर २ लाख डॉलर धरले, तर एकूण खर्च ४,९२,००० होतो आणि बचत १,०८,००० वर येते. पुढे बंदीसंख्या ३० झाली, तर दैनिक दराचेच ४,३८,००० डॉलर होतात आणि एकूण खर्च ६,३८,००० डॉलरवर जातो. स्वतःच्या तुरुंगात तेच ३० बंदी सुमारे ६,३०,००० डॉलरमध्ये राहिले असते.

म्हणजे तुरुंग बंद केल्याने खर्च नाहीसा होत नाही. त्याचे स्वरूप पालटते. स्थिर खर्चाची जागा माणसागणिक वाढणारा खर्च घेतो. याचा एक लाभही आहे, आणि तो चर्चेत क्वचितच येतो. आता प्रत्येक टळलेल्या बंदी-दिवसामागे काउंटीचे खरोखर ४० डॉलर वाचतात. पूर्वी एका बंद्याला लवकर सोडल्याने जेवणाच्या ताटाखेरीज काहीच वाचत नव्हते. ही जाणीव फिस्कल कोर्टाला होते. पण जामिनाचा निर्णय जिथे होतो, त्या न्यायालयावर ती बंधनकारक नसते. शिवाय दर ठरविणे शेजाऱ्याच्या हाती जाते. त्याचा तुरुंग भरला की तो पाहुणे बंदी नाकारू शकतो, आणि मग पन्नासाचे ऐंशी मैल होतात.

हे अंतर सर्वांत अधिक भोगावे लागते ते बंद्याला व त्याच्या आप्तांना. नियुक्त सरकारी बचाव वकील काउंटीच्या न्यायालयात काम करतो, अशील मात्र दोन काउंट्या पलीकडे असतो. ज्या डोंगराळ प्रदेशात सार्वजनिक वाहतूक नावापुरती आहे, तेथे भेटीला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे. चित्रफीत-संवादाने सुनावणी होऊ शकते, परंतु वकिलाशी खाजगी सल्लामसलत त्यातून नीट होत नाही. अंदाजपत्रकात या कशालाही शीर्ष नाही.

काही काउंट्यांनी एकत्र येऊन प्रादेशिक तुरुंग उभारले आहेत. पेंट्सव्हिल येथील बिग सँडी प्रादेशिक बंदीगृह जॉन्सन, लॉरेन्स, मॅगॉफिन आणि मार्टिन या चार काउंट्यांचे आहे. बीटीव्हिल येथील थ्री फोर्क्स तुरुंगात ली, ओस्ली आणि वुल्फ या काउंट्या सहभागी आहेत. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियाने १९८५ च्या कायद्याने हा मार्ग सक्तीचा केला आणि सर्व ५५ काउंट्यांसाठी दहा प्रादेशिक तुरुंग उभे राहिले. तेथेही काउंट्यांना दररोज ४८.२५ डॉलर दर बरीच वर्षे द्यावा लागला, काही काउंट्यांची थकबाकी साचली आणि शेवटी २०२३ मध्ये बंदी-दिवसांच्या संख्येनुसार दर कमी-अधिक करणारी पद्धत आणावी लागली. इमारती सुधारल्या, बिल काउंटीच्याच पत्त्यावर येत राहिले.

तुरुंग वाढविण्याचा पर्याय

दुसरी वाट याच्या नेमकी उलट जाते. राज्याचे बंदी ठेवून घेतले तर रिकाम्या खाटा उत्पन्न देतात. केंटकीच्या कायद्यानुसार सर्वांत खालच्या वर्गातील गंभीर गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंतची शिक्षा झालेल्यांना सामान्यतः काउंटीच्याच तुरुंगात ठेवले जाते. महामारीपूर्व काळात राज्याचे निम्म्याच्या आसपास बंदी अशा रीतीने काउंट्यांकडे होते. लुइझियानाखेरीज इतर राज्यांत एवढे प्रमाण आढळत नाही. ३५.३४ डॉलर दराने एका बंद्यामागे वर्षाला सुमारे १२,९०० डॉलर आणि शंभर बंद्यांमागे सुमारे १२ लाख ९० हजार डॉलर मिळतात. संघराज्याच्या मार्शल सेवेकडून येणाऱ्या बंद्यांचा दर याहून बराच अधिक असतो. लीचफील्ड येथील ग्रेसन काउंटीचा तुरुंग अशा संघीय बंद्यांसाठी ओळखला जातो.

हा हिशेब रिकाम्या खाटांपुरता खरा आहे. ज्या खाटेसाठी कर्मचारी आणि इमारत आधीच आहे, तिच्यावरील बंद्याचा वाढीव खर्च राज्याच्या दराहून कमी असतो, म्हणून फायदा दिसतो. परंतु त्या फायद्याच्या भरवशावर नवी इमारत बांधली की रोख्यांचे हप्ते आणि नवे कर्मचारी येतात, आणि पूर्ण खर्च दराहून अधिक ठरतो. मग हप्ते फेडण्यासाठी खाटा भरलेल्या राहणे ही काउंटीची गरज बनते. २०२० मध्ये हे ठळकपणे दिसले. राज्याचे सरन्यायाधीश जॉन मिंटन यांच्या आदेशांनी कमी जोखमीचे आरोपी जामिनाविना सुटू लागले आणि राज्यपाल अँडी बेशीर यांनी शेकडो बंद्यांच्या शिक्षा कमी केल्या. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने जे आवश्यक होते, तेच दैनिक दरावर विसंबलेल्या तुरुंग-निधींत तूट म्हणून नोंदले गेले. बंदी कमी होणे ही ज्या अंदाजपत्रकात वाईट बातमी ठरते, ते कोणत्या हेतूने बांधले आहे असा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

बंद्याकडूनच वसुली

राहिला तिसरा स्रोत, म्हणजे स्वतः बंदी. केंटकीचा कायदा तुरुंगांना नोंदणी शुल्क आणि दिवसाला ५० डॉलरपर्यंत निवासखर्च आकारण्याची मुभा देतो. क्लार्क काउंटीच्या तुरुंगात एका व्यक्तीने खटल्याविना सुमारे चौदा महिने काढले. पुढे तिच्यावरील आरोप मागे घेतले गेले, तरी तिच्या नावावर ४,००० डॉलरहून अधिक बिल राहिले. या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये असा निर्णय दिला की शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयाच्या आदेशावाचून तुरुंगाला अशी रक्कम आकारता येणार नाही. ज्याला शिक्षाच झाली नाही, त्याच्याकडून वसुली करण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

न्यायाच्या दृष्टीने या निर्णयाबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. अंदाजपत्रकाच्या दृष्टीने पाहता, जो भार राज्याने काउंटीवर टाकला होता आणि काउंटीने बंद्याच्या खिशाकडे सरकविला होता, तो पुन्हा काउंटीकडे परतला. पुढच्याच वर्षी राज्याने दैनिक दरात चार डॉलरची वाढ केली; परंतु ती शिक्षा झालेल्या बंद्यांपुरती होती. न्यायाधीन बंद्यांसाठी दैनिक दराची सोय त्या अंदाजपत्रकातही झाली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यभर काउंटी पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका झाल्या. ज्या काउंट्यांत तुरुंग कधीच बंद झालेला आहे, तेथील मतदारांनीही घटनेतील तरतुदीप्रमाणे पुढील चार वर्षांसाठी जेलर निवडला. अशा जेलरचे मुख्य काम बंद्यांना शेजारच्या काउंटीच्या तुरुंगात पोहोचविणे आणि तारखेला परत आणणे हे असते, आणि त्याचे वेतन काउंटीच्या अंदाजपत्रकात वाहनाच्या इंधनाशेजारी दाखविले जाते.